बुधवारचा उपास आणि अदिस अबाबा

मागच्या बुधवारी संकष्टी होती, आणि माझं काम होतं नोव्हेनाजवळच्या एका हॉटेलात.

नवीन मित्रांसाठी सांगतो… मी परिषदांना साउंड पुरवतो. माइक, स्पीकर, दुभाष्यांच्या केबिन, सगळं. सोलापुरात लग्नाच्या मांडवात भोंगे बांधण्यापासून सुरुवात केली, आता इथे परदेशात, बुकित बातोकला स्वतःचं गोडाऊन आहे. काम तेच, फक्त अंगात कोट असतो.

त्या दिवशी आशियातल्या सरकारी अधिकाऱ्यांची एक समिती बसली होती. त्यांची पुढची मोठी परिषद कोणत्या शहरात घ्यायची, ते ठरायचं होतं. शेवटी दोनच शहरं उरली होती… एक युरोपातलं आणि दुसरं अदिस अबाबा, इथिओपियाची राजधानी.

अदिसची बाजू मांडायला हिरुत नावाच्या बाई एकट्याच आल्या होत्या. सकाळी माइक तपासताना माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, आख्ख्या आफ्रिकेचे राष्ट्रप्रमुख दरवर्षी आमच्याकडे येतात. कोणाची गाडी आधी, कोणाची नंतर, हे आमच्या हॉटेलातल्या दरवानालाही कळतं. पण आशियावाले मात्र लांबूनच हात जोडतात… यंदाही नाही म्हणाले तर आमचं ऑफिस पुन्हा इकडे कोणाला पाठवेल असं वाटत नाही.

युरोपवाल्यांचं बोलून झालं आणि चहाची सुट्टी झाली. हॉलचे स्पीकर मी बंद केले, पण समितीच्या टेबलावरचा एक माइक चालू राहिला होता. माझ्या कानाला हेडफोन… आणि त्यात दोघं हिंदीत कुजबुजत होते.

भारतातून आलेले एक ज्येष्ठ साहेब शेजाऱ्याला म्हणत होते, "शहर तो ठीक है, लेकिन हमारे आधे लोग व्हेजिटेरियन हैं. वहाँ खाएँगे क्या?"

"पूछ लेते हैं ना मॅडम से."

"छोड़िए… उनको बुरा लगेगा."

मी माइक बंद केला. आमच्या धंद्याचा एकच नियम आहे, हेडफोनमध्ये ऐकलेलं हेडफोनमध्येच राहतं. तो पाळला म्हणून तर मला अशा खोल्यांमध्ये उभं राहू देतात. पण खरं सांगतो, जीव चुटपुटला… बाईंचं काम हातचं चाललं होतं, आणि कशापायी ते त्यांना कधी कळणारही नव्हतं.

चहाच्या टेबलापाशी गेलो तर हिरुत बाई नुसता काळा चहा घेऊन उभ्या. वेटरने केक पुढे केला, त्या नको म्हणाल्या. माझ्यापुढे केला, मीही नको म्हणालो. म्हणाल्या, आज बुधवार, माझा उपास आहे.

हे ऐकल्यावर मराठी माणूस काय करेल? मी धावत जाऊन डबा आणला. बायकोने दिलेली साबुदाण्याची खिचडी, साजूक तुपातली. मोठ्या ऐटीत झाकण उघडलं… बाईंनी वास घेतला आणि विचारलं, यात लोणी आहे का? म्हटलं, त्याहून भारी, तूप आहे. तर त्या दोन पावलं मागे सरकल्या.

"उपासाला दूध, लोणी, अंडं, मटण, काही चालत नाही आम्हा ख्रिस्ती लोकांना."

"मग खाता काय?"

"डाळ, भाज्या, आंबोळीसारखी आमची भाकरी… ताट भरून."

"डाळ? उपासाला?" माझ्या आईने या बाईंना स्वयंपाकघराच्या बाहेरच बसवलं असतं.

"आणि तुम्ही तूप खाऊन उपास म्हणता?" त्या खो-खो हसल्या. मग म्हणाल्या, बुधवार-शुक्रवार निम्मं शहर हेच जेवतं. शिवाय मोठे उपास वेगळे. साध्या खानावळीपासून पंचतारांकित हॉटेलापर्यंत उपासाचं ताट सगळीकडे मिळतं.

मी डबा बंद केला. म्हटलं, "बाई, आत्ता मला सांगितलंत ना, तेवढं आत सांगा."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "कोणी काही बोललं का?"

"मी साउंडवाला. मी माइक बघतो."

आत त्यांनी सभागृहं दाखवली, दूतावास दाखवले, विमानांच्या वेळा सांगितल्या. समिती नम्रपणे मान हलवत होती, तसली मान मी ओळखतो… मग त्यांनी हातातला रिमोट खाली ठेवला. "आज बुधवार. मी तुमचा केक खाल्ला नाही, का ते सांगते."

त्या बोलत गेल्या आणि ते ज्येष्ठ साहेब हळूहळू खुर्चीत पुढे सरकले. पहिला प्रश्न त्यांचाच आला. डाळ तिखट असते का?

काम मिळालं असं नाही म्हणणार. पण निर्णय त्या दिवशी थांबला आणि समितीतल्या दोघांनी आधी शहर बघून यायचं ठरलं. जायला पहिला हात कोणी वर केला, ते तुम्ही ओळखलंच असेल.

संध्याकाळी चोआ चू कांगला घरी येऊन हे सांगितलं, तर लेक इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा, दॅट्स चीटिंग ला." असेल. मी बराच वेळ त्याचाच विचार करत होतो.

पण आणखी एक विचार जात नाहीये… तीस वर्षांत मलाही कितीतरी जणांनी हसून, हात मिळवून नाही म्हटलं. त्यांच्या मनात काय होतं, मला कधी कळलं नाही. कदाचित एखादा साधाच प्रश्न असेल, मला वाईट वाटेल म्हणून गिळलेला. उत्तर माझ्याकडे होतं हो… विचारायचं होतं फक्त.