शंभरात किती?

"शंभरात किती?" हा मावशींचा प्रश्न कशालाही लागू असे. कुणी म्हणालं की समोरच्या वाण्याचे शेंगदाणे बरे निघतात, की त्या हनुवटी वर करून विचारायच्या, "बरे म्हणजे? शंभरात खवट किती?" आणि उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत उत्तराची वाट बघायच्या.

मावशी मरोळच्या एका कारखान्यात विजेची बटणं तपासायच्या. चांगलं बटण उजव्या डब्यात, खराब डाव्या. कडेवर अंगठा फिरवून बघायची सवय बोटांत राहिली होती. भांडुपच्या चाळीत आमच्यापासून दोन दारं सोडून त्या राहत. मूलबाळ नव्हतं. काका, म्हणजे त्यांचे यजमान, स्वभावानं गरीब. एकदा आम्ही पोरींनी त्यांच्यादेखतच विचारलं, "मावशी, काका शंभरात किती?"

"लग्नात साठ दिले होते," मावशी म्हणाल्या. "आता पासष्ट. भांडी घासतात म्हणून."

काका दारात बसून हसत होते.

अशी माणसं तुमच्याही शेजारात असतील. एरवी ती डोकं खातात. आपल्यावर वेळ आली की मग त्यांची आठवण होते. आमच्यावर ती वेळ आली.

चाळीमागच्या मैदानात आम्ही पोरी कबड्डी खेळायचो. मंडळानं आमचा संघ काढला होता आणि तो संघ नेमानं हरत होता. मंडळाच्या अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणत. माणूस भला, पण त्यांच्या हिशेबात दोनच खाती, जिंकले आणि हरले. गणपती झाल्यावर त्यांनी सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत सुधारणा दिसली नाही, तर पोरींचा संघ बंद. मैदान क्रिकेटवाल्या मुलांना देऊ."

मुलांना काय, दुसरं मैदान मिळालं असतं. आमच्या घरी मात्र सगळे याचीच वाट बघत होते. "खेळ सुटू दे, मग हिच्यासाठी स्थळं बघायला घेऊ," असं माझी आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मी तेव्हा अकरावीत होते. मला स्थळ नको होतं, कबड्डी हवी होती.

मावशींनी अण्णांना मैदानातच गाठलं. "सुधारणा म्हणजे काय ते आधी ठरवा, अण्णा. हरले हरले काय करता? कशानं हरले ते मोजायला नको?"

पुढच्या मॅचला त्या दोन वाट्या आणि पदराच्या गाठीत चिंचोके घेऊन आल्या आणि डालड्याच्या डब्यावर बसल्या. आमची खरी दुखरी जागा चढाई. गेलेली मुलगी पलीकडेच पकडली जायची. म्हणून मावशींनी तेवढंच मोजायचं ठरवलं. चढाईला गेलेली सुखरूप परत आली तर चिंचोका उजव्या वाटीत, पकडली गेली तर डाव्या.

"आधी परत या गो," त्या म्हणाल्या. "गुणांचं मागाहून बघू."

पहिल्या मॅचला शंभरात चाळीससुद्धा परत येत नव्हत्या. मग पन्नास झाल्या, साठ झाल्या. मॅच संपली की फळ्यावरचे गुण बघायच्या आधी आम्ही मावशींच्या वाट्यांभोवती गोळा व्हायचो. हरलेल्या असायचो, पण तोंडं हसरी. दिवाळीच्या तोंडावर आकडा ऐंशीवर गेला तेव्हा मावशींनी सगळ्यांना चकल्या दिल्या.

दिवाळी झाली आणि मंडळाच्या खोलीत बैठक बसली, आम्ही पोरीही दाराशी उभ्या. मावशींनी कॅरमबोर्डवर चिंचोक्यांचे दोन ढीग मांडले, एक मोठा, एक इवलासा. मंडळी माना डोलवायला लागली. अण्णा तेवढे डोकं खाजवत होते.

"वहिनी, एवढ्या परत येतात, मग गुण कुठायत?"

मावशींनी आमच्याकडे वळून पाहिलं. आमच्या चढाया जास्त करून कुंदा करायची. ती भाबडेपणानं बोलून गेली, "मावशी, मी रेषा ओलांडते आणि लगेच फिरते. आत शिरले आणि पकडली गेले तर तुमचा चिंचोका डावीकडे जातो ना!"

खोलीत हशा पिकला. मावशी हसल्या नाहीत. बोटांवर फिरणारा अंगठा थांबला.

"कारखान्यात असंच झालं होतं," त्या म्हणाल्या. "साहेब म्हणाले, खराब माल कमी दिसला पाहिजे. तर पोरी संशयातली बटणंही उजव्या डब्यात टाकायला लागल्या. तिथे मला कळलं होतं. इथे नाही कळलं. या पोरींची चूक नाही, अण्णा. मी त्यांना परत यायला शिकवलं, आत जायला नाही. हा ऐंशीचा आकडा धरू नका."

मला त्यांचा राग आला. खरंच आला. अर्धी मंडळी आमच्या बाजूला वळली होती, ही बाई गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं? आजीचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि मला रडू फुटलं. अण्णा बराच वेळ त्या ढिगांकडे बघत बसले. मग म्हणाले, "कांदिवलीची मॅच बघायला मी येतो. मग ठरवू."

कांदिवलीला मॅचच्या आधी मावशींनी कागदाची पुडी सोडली. आत चिंचोके, भाजून काळे केलेले.

"हे काय?"

"मोजायचे होते तेच. भाजून टाकले. खा आता, दात सांभाळून."

कुंदा पहिल्याच चढाईत आत घुसली आणि पकडली गेली. आम्ही सगळ्यांनी सवयीनं मावशींच्या मांडीकडे पाहिलं. त्यांचे हात पदराखाली होते. पुढच्या खेपेला कुंदा थेट कोपऱ्यात शिरली आणि दोघींना बाद करून आली. आम्ही सगळ्या बाद होऊन एक लोण आमच्यावर चढला, पण एक आम्हीही चढवला, संघाच्या जन्मातला पहिला. मी कोपऱ्यात एक पाय असा धरला की समोरची मुलगी "सोड ना यार" म्हणून ओरडली. आम्ही दोन गुणांनी हरलो.

अण्णा मावशींपाशी आले. "काय वहिनी, शंभरात किती?"

"मोजलं नाही, अण्णा. बघत होते."

अण्णांनी टोपी काढून झटकली. "मी पण," ते म्हणाले. "चालू राहू दे पोरींचं."

माझ्या आजीला आणखी चार-पाच वर्षं थांबावं लागलं.

पुढे मावशींचा कारखाना मुंबईबाहेर गेला आणि त्या दोघांनी मालवणकडचं गाव गाठलं. लग्नानंतर मीही भांडुप सोडलं. मावशी गेल्याचं कळायलाही मला उशीर झाला. गावी गेले तेव्हा काका एकटेच पडवीत बसले होते. त्यांनी स्वतः चहा केला, कप विसळून ठेवले, मग सांगायला लागले.

"शेवटी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे. हिनं हनुवटी वर केली. शंभरात किती? तो बिचारा पोरगा, काय सांगणार? चाचरायला लागला. मग हीच त्याला म्हणाली, 'राहू दे. मोजू नको.' आणि माझ्याकडे वळून म्हणाली, 'तुम्ही इथे बसा. बघत राहा.'"

काकांनी विसळलेला एक कप उचलून पुसला.

"मग मी बघत बसलो," ते म्हणाले.