आबांचे जोडलेले हात

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, आईलाही नाही — आई तर त्या गोष्टीत होती, तरी नाही. सांगायला बसलो की भलतंच सांगू लागतो. पूर्वी बातम्या कशा पाठवायचो, ऐन वेळी फॅक्स कसा अडकायचा, भीमाशंकरच्या यात्रेत एकदा कसा चेंगरलो होतो — ऐकणारा हसतो, चहा येतो आणि मूळ गोष्ट तशीच राहते. तुमच्याशीही आधी थोडं तसंच होईल.

मी एका वृत्तसंस्थेचा जुन्नर-आंबेगावचा वार्ताहर होतो. संस्थेचा स्वतःचा पेपर नव्हता, ती सगळ्या पेपरांना बातम्या पुरवायची. त्यामुळे माझं लिहिलेलं चार-पाच पेपरांत एकदम यायचं आणि माझं नाव एकातही नसायचं. बातमीखाली ‘वृत्तसंस्था’ एवढाच शब्द. नव्वदच्या दशकात सुरुवात केली तेव्हा याचं फार वाईट वाटायचं. पुढे कळलं की नाव नसण्याचेही फायदे असतात.

कामचुकार नव्हतो मी. तळेघरच्या वर भातं आडवी झाली, तेव्हा एसटी जाईल तिथवर एसटीनं आणि पुढे चिखल तुडवत गेलेलो आहे. नाचणीची भाकरी खाऊन, लोकांशी बोलून, मग लिहिलेलं आहे. पण गावोगावी फोन आले, आणि फोनवर बातमी मिळते हे एकदा कळलं की पाय जड होतात. उंटावरून शेळ्या हाकायची सवय अशीच लागते — एका दिवसात नाही लागत.

दोन हजार साल उलटल्यावर ब्लॉगचं खूळ आलं. कुणीही उठावं आणि इंटरनेटवर लिहावं. त्यातले काही जण आमच्या बातम्या जशाच्या तशा उचलून आपल्या पानावर लावायचे, हे खरंच होतं. आम्ही पायपीट करायची आणि यांनी आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायचं? आमच्या पुण्याच्या कचेरीनं तर सगळ्या वार्ताहरांना कळवलं होतं, असं कुठे दिसलं की ताबडतोब सांगा. जुन्नरच्या स्टँडवर चहा पिताना मी यावर तावातावानं बोलायचो. चोर आहेत सगळे, म्हणायचो. ऐकणाऱ्यांत मिलिंद असायचा. तो हसायचा आणि म्हणायचा, “सगळे नसत्यात, भाऊ.”

मिलिंद माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये कंत्राटावर कामाला होता. मला ईमेल करायला त्यानंच शिकवलं, आणि माझ्या ढ प्रश्नांना कधी कंटाळला नाही. राहायचा लेण्याद्रीच्या पायथ्याशी. त्याचे वडील, आबा, डोली वाहायचे — ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत अशा भाविकांना खुर्चीत बसवून, खांद्यावर घेऊन, वर गिरिजात्मजाच्या देवळापर्यंत न्यायचं. मिलिंदचाही एक ब्लॉग होता, ‘पायथ्यावरून’ नावाचा. वाचणारे आम्ही मोजकेच. त्यात तो पाऊसपाण्याचं लिही, लेण्यांतल्या वटवाघळांचं लिही, आणि एकदा त्यानं आबांच्या खांद्यावर लिहिलं.

काय लिहिलं होतं! आबांच्या उजव्या खांद्यावर दांडीनं पडलेला घट्टा. तो खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आलेला. म्हणून त्याची आई प्रत्येक नव्या सदऱ्याला उजव्या खांद्यावर आतून दुसरं कापड लावायची, आणि सदरा विरला तरी ते कापड शाबूत राहायचं. लहानपणी त्याला वाटायचं, सगळ्यांच्याच वडिलांचा एक खांदा खाली असतो. मी ते वाचलं आणि मला हेवा वाटला. खोटं कशाला बोलू? आनंद नंतर वाटला, आधी हेवाच.

त्या साली गणपतीच्या आधी पुण्याहून फोन आला. अष्टविनायकांवर काहीतरी वेगळं हवं, संध्याकाळपर्यंत पाठवा. माझ्या घरापासून लेण्याद्री सायकलवर जाण्याइतकं जवळ. आबांना जाऊन भेटलो असतो, दोन शब्द बोललो असतो, तर कुणाची काय तक्रार होती? मी गेलो नाही. दुपारी सायबर कॅफेत बसलो आणि मिलिंदचं पान उघडलं.

आता एक बारीकशी गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळेच मला पळवाट राहत नाही. ब्लॉगचा मराठी फॉन्ट वेगळा आणि आमच्या कचेरीचा वेगळा. एकातलं उचलून दुसऱ्यात टाकलं की नुसत्या रेघोट्या उमटायच्या. म्हणजे मला ते सगळं पुन्हा टाइप करावं लागलं. घट्टा, सदरा, आतलं कापड — मिलिंदचा शब्द न् शब्द माझ्या बोटांतून गेला. चोरी करायलाही मी कष्ट घेतले. ‘माझे वडील’च्या जागी ‘येथील एक डोलीवाहक’ केलं, आबांचं नाव घातलं, आणि पाठवून दिलं. पुण्याचे साहेब म्हणाले, बऱ्याच दिवसांनी तुम्ही जीव ओतून लिहिलंय.

चार पेपरांत आलं. खाली ‘वृत्तसंस्था’.

मिलिंद पेपर घेऊन माझ्याकडेच आला. दुसऱ्या कुणाकडे जाणार? चिडलेला नव्हता, गोंधळलेला होता. “भाऊ, माझंच हाय हे. कुणी पाठवलं असंल?” मी म्हणालो, पुण्याचा एखादा माणूस येऊन गेला असेल. इतक्या सहज तोंडातून निघालं की माझं मलाच नवल वाटलं. तो म्हणाला, छापलं त्याचं काही नाही हो, पण त्यात एक वाक्य भलतंच घातलंय, त्याचा आबांना त्रास होतोय. कुठलं वाक्य ते सांगतो. जरा दम घेऊ द्या.

ते भलतं वाक्य लोकांनी खरं धरू नये म्हणून मिलिंदनं एक साधी गोष्ट केली. ब्लॉगवर जुनं लिखाण खाली खाली जातं. त्यानं आपला मूळ लेख तारीख बदलून पुन्हा वर आणला, वस्तीतल्या पोरांना वाचता यावा म्हणून. झालं — आता त्याच्या लेखावरची तारीख पेपरच्या नंतरची. आमच्या संस्थेत कुणीतरी ते पाहिलं आणि त्यांच्या दृष्टीनं चोर सापडला. लेख काढून टाका, जाहीर माफी मागा, नाहीतर कोर्टात खेचू, अशी नोटीस त्याला आली. एक प्रत त्याच्या कॉलेजलाही गेली.

स्वतःच्या बापाचा खांदा चोरल्याबद्दल नोटीस! यावर हसावं की रडावं?

पुण्याहून मला फोन आला. साहेबांनी एकच विचारलं, “तुम्ही स्वतः भेटला होतात ना त्या माणसाला?” तेव्हा खरं बोलता आलं असतं. फार तर माझं काम गेलं असतं. भूक लागून मेलो नसतो, घरी थोडी शेती होती. पण अंगावर पांढरे कपडे, पंचायत समितीत गेलं की पुढे केली जाणारी खुर्ची, ‘या पत्रकार’ म्हणणारे लोक — ते सोडवेना. मी म्हणालो, “हो, भेटलो होतो.”

दोन दिवसांनी मिलिंद पुन्हा आला. प्राचार्यांनी बजावलं होतं, मिटव नाहीतर कंत्राट संपलं. माफीत काय लिहायचं ते त्याला सुचत नव्हतं. इतकं सुरेख लिहिणारा मुलगा — पण न केलेल्या चोरीची माफी कशी लिहितात ते त्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी सांगितलं, त्यानं लिहून घेतलं: ‘वृत्तसंस्थेचा मजकूर विनापरवानगी वापरल्याबद्दल मी दिलगीर आहे.’ त्याची सगळी वाक्यं मी घेतली होती, आणि हे माझं एक वाक्य त्याला दिलं. जाताना तो म्हणाला, “तुमी व्हता म्हणून, भाऊ.”

त्यानं ब्लॉगच काढून टाकला. वटवाघळं, पाऊस, सगळंच. पुढे पुण्यात नोकरीला गेला. त्यानंतर त्यानं काही लिहिल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. दिवाळीला अजून त्याचा फोन येतो. भाऊच म्हणतो.

आता ते वाक्य.

आबांचं घर बौद्ध. आबांच्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत सोडले होते, आणि मग त्या घरात कुणी देवापुढे हात जोडले नाहीत. डोली वाहणं हे आबांचं काम होतं, भक्ती नव्हती. मिलिंदनं लिहिलं होतं — आबा माणसाला देवळाच्या दारात उतरवतात आणि स्वतः शेजारच्या लेण्यात स्तूपापाशी जाऊन बसतात, घाम सुकेपर्यंत. कुणी विचारलं तर म्हणतात, ‘देव त्येंचा, चढ आपला.’

टाइप करताना माझी बोटं इथे थांबली. गणपतीचे दिवस, अष्टविनायकांवरचा मजकूर — त्यात हे कसं चालणार? कुणी मला सांगितलं नव्हतं. कुणी दडपण आणलं नव्हतं. मीच ते खोडलं आणि त्या जागी लिहिलं: ‘प्रत्येक फेरीला ते बाप्पासमोर हात जोडतात आणि बाप्पानेच हा खांदा दिला, असे सांगतात.’ अख्ख्या लेखात माझं स्वतःचं असं हे एकच वाक्य होतं.

वस्तीत पेपर वाचला गेला. बापानं नदीत सोडलेले देव पोरानं वर जाऊन धरले, असं लोक आबांना तोंडावर बोलले. आबा नाही म्हणत राहिले. पण त्यांचं म्हणणं खरं असल्याचा पुरावा होता तो फक्त मिलिंदच्या पानावर, आणि ते पान मी माझ्या शब्दांत माफी मागायला लावून पुसून टाकलं होतं.

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात आईनं लेण्याद्रीचा हट्ट धरला. तिचे गुडघे गेलेले, डोली करावीच लागली. पायथ्याशी चौघे जण पुढे आले, आणि त्यातल्या एकाचा सदरा उजव्या खांद्यावर विरला होता आणि विरलेल्या जागेतून आतलं दुसरं कापड दिसत होतं. त्या माणसाला मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि त्याचा खांदा मला तोंडपाठ होता.

ते आईला घेऊन चढले. मी मागून रिकाम्या हातांनी चढलो. दारात आईला उतरवलं तसे आबा एका बाजूला झाले. मी आईबरोबर आत जायला हवं होतं. नाही गेलो. आत जाता जाता आईनं मात्र कौतुकानं सांगून टाकलं, “हा माझा मुलगा. पेपरात बातम्या देतो.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, यांना माहीत आहे. आता बोलतील, आणि बोलू देत एकदाचे. ते धापा टाकत होते. धाप जरा ओसरली तसे म्हणाले —

“मंग तुमाला ठावं असंल. माझं बी आलं व्हतं पेपरात. हात जोडतो म्हणून लिवलं व्हतं. लई बोलणी खाल्ली राव. पण लिवणारा उगाच कशाला लिवंल? वर आलं की मला दम लागतो, मग मी असं दोनी हात छातीशी धरतो.” त्यांनी धरून दाखवले. तळव्याला तळवा लागलेला, बोटं वाकडी, छाती वरखाली होणारी. “लांबून बघितलं असंल त्यानं. त्याला तसंच दिसलं असंल. त्याची काय चूक न्हाई.”

वर्षभर हा माणूस माझ्यासाठी सबब शोधत होता. आणि त्याला ती सापडली होती.

मी लांबून पाहिलं नव्हतं. जवळूनही पाहिलं नव्हतं. मी त्या दिवशी इथे आलोच नव्हतो — एवढंच सांगायचं होतं. देवळातून घंटा वाजली, ती बहुधा आईनंच वाजवली असावी.

“हो आबा,” मी म्हणालो, “तसंच झालं असणार.”

त्यांनी मान हलवली, हात सोडले आणि शेजारच्या लेण्यात जाऊन बसले.