कळवायचे नाव

चूक माझी होती, ती आधीच कबूल करून टाकतो. नाहीतर गल्लीत कोणी ना कोणी सांगेलच, आणि तिखटमीठ लावून सांगेल.

काजूकाकांच्या प्रवासाच्या फॉर्मवर एक रकाना होता: "तातडीच्या वेळी कोणाला कळवावे?" नाव, नाते, फोन नंबर. काकांनी चिठ्ठीवर दोन नंबर लिहून आणले होते, वरचा स्वतःचा, खालचा मुलीचा. माझ्या झेरॉक्सच्या दुकानात तेव्हा परीक्षेच्या फॉर्मवाल्यांची झुंबड उडाली होती, मशीनमध्ये कागद अडकला होता, आणि मी मान खाली घालून दोन्हीकडे वरचाच नंबर उतरवला. नाव मुलीचं, नाते मुलगी, नंबर बापाचा. अक्षर मात्र मोत्यासारखं.

त्यावरून काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. असो, माझं राहू दे.

काजूकाकांचा आणि सुक्या मेव्याचा काही संबंध नाही. ते काजं करतात. शिंप्यांच्या गल्लीत जिन्याखाली त्यांची एक फळी आहे, फळीवर मेणाचा गोळा, दोऱ्याची रिळं, आणि कुठल्यातरी कोटाची एक बाही. मशीन मिनिटाला चार काजं पाडतं. काका एका काजाला वीस मिनिटं घेतात. दोऱ्याला मेण लावतात, टाका घालतात, मान तिरकी करून बघतात, आवडला नाही तर उसवतात. ज्यांना कपड्यातलं कळतं ते अजून त्यांच्याकडेच कोट पाठवतात. असे लोक फार राहिले नाहीत.

काकू जाऊन चार वर्षं झाली. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात, नोकरी करते, दर रविवारी फोन करते. काकू होत्या तेव्हा तो फोन पाऊण तास चालायचा आणि काका मागून ओरडायचे, "अगं, श्वास तरी घ्या!" आता फोन असा असतो:

"बाबा, जेवलात का?"

"जेवलो."

"बरं. ठेवते हं."

काका त्यानंतरही थोडा वेळ फोन कानाला धरून बसतात, जणू काही तिकडून अजून एखादं वाक्य यायचं राहिलंय.

तर दोऱ्याच्या कंपनीने रिळांच्या खोक्यांत कुपनं टाकली होती, आणि आयुष्यात ज्यांना कधी साधी पिशवी लागली नाही त्या काकांना एकदम जहाजाची सफर लागली. पाच दिवस. दोघांसाठी. गल्लीने पेढ्याऐवजी टोमणे वाटले. "काजू, दुसरी कोण?" "काजू, मी येतो, लुगडं नेसून येतो!" काकांनी मुलीला फोन केला. ती म्हणाली, "अरे वा! बघते हं बाबा, सुट्टीचं बघून कळवते."

तीन आठवडे गेले. दर रविवारी काका जेवले होते की नाही एवढंच विचारलं गेलं. मग कोणी न विचारताच काका गल्लीत सांगू लागले, "तिला सुट्टीच मिळत नाही हो, फार काम असतं." आणि एका सकाळी एकटेच निघाले. निघालो म्हणून त्यांनी मुलीला कळवलं नाही. का कळवायचं? कळवायचं तिने होतं.

सगळ्यात स्वस्त केबिन होती, जहाजाच्या पोटात, खिडकी नसलेली. दोन पलंग. एकावर काका झोपले, दुसऱ्यावर त्यांनी आपली पिशवी ठेवली. पहिल्या दिवशी केबिनवाल्याने दोन्ही पलंगांवर दोन-दोन टॉवेल मांडले. काका म्हणाले, "मी एकटाच आहे." तो म्हणाला, "असू द्या काका, बक्षिसात आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी इंजिनाच्या खोलीत आग लागली. विझली, माणूस कोणी दुखावला नाही, पण जहाज जे बंद पडलं ते पडलंच. दिवे गेले, पंखे गेले, लिफ्ट गेली, स्वयंपाकघर गेलं, आणि संडासात पाणी ओढणं गेलं, त्याबद्दल जास्त न लिहिलेलं बरं. खिडकी नसलेल्या केबिनमध्ये भर दुपारीही स्वतःचा हात दिसेना. सगळे गाद्या उचलून वरच्या उघड्या डेकवर आले. तिथे ऊन. काकांच्या खिशात सुई-दोरा असतोच. त्यांनी चादरी जोडायला घेतल्या. दोन दिवसांत चाळीस चादरींचं छत झालं. लोक म्हणाले, "काका, तुम्ही होतात म्हणून." दिवसभर काका होते. दिवसभर बरं चाललं होतं.

पाच वाजता मात्र बरं चालत नसे.

झालं असं होतं की, जहाजावरून किनाऱ्याला बोलायची एक सोय शाबूत होती, ती कप्तानाकडे. कंपनीने सगळ्यांच्या घरी कळवलं होतं. घरच्यांनी दोन ओळींचा निरोप कंपनीला पाठवायचा, कंपनीने तो जहाजावर द्यायचा. रोज पाच वाजता तो केबिनवाला, दणदणीत आवाजाचा गडी, जेवणाच्या हॉलमध्ये खुर्चीवर उभा राहून निरोप वाचायचा आणि वाचून झाला की कागद भिंतीला चिकटवायचा. त्याचं नाव निरोप्याच पडलं.

"केबिन दोनशे बारा! आई, मांजर जेवतंय, तूही जेव!"

हशा.

"केबिन एकशे चार! अहो, गॅसच्या पावत्या कुठे ठेवल्यात?"

आणखी हशा. दोनशे बाराच्या बाईंनी मात्र डोळ्याला पदर लावला.

काका रोज शेवटपर्यंत उभे राहत. निरोप्याचे कागद संपले की ते सहज विचारल्यासारखं करून विचारत, "सगळे वाचलेत ना? एखादा मागे चिकटलेला वगैरे?"

एकदा निरोप्याने यादी काढली. "काका, तुमच्या घरी कळवलंय. ही बघा खूण. मुलगी ना? गेलाय निरोप."

"हो हो, गेला असेल. कामात असेल ती."

त्या दिवशी काकांनी चादरीला घातलेले टाके पुढे कोणी बघितले असते तर म्हणाले असते, हे काजूचं काम नव्हे.

चौथ्या दिवशी ओढणारी बोट आली. एवढीशी, बुटकी, काळा धूर सोडणारी. तिने हे अकरा मजल्यांचं धूड दोराला बांधलं आणि ओढायला लागली. इतक्या सावकाश, की बाजूला तरंगणारी एक बाटली बराच वेळ पुढेच राहिली. "चालत गेलो असतो तर पोचलो असतो," पलीकडच्या केबिनमधल्या आजी म्हणाल्या.

या आजींना सगळं जहाज बॅटरीआजी म्हणे. एक तर त्यांच्याकडे हातातली बॅटरी होती, आणि दुसरं म्हणजे नातवाने दिलेली विटेएवढी पॉवर बँक. चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात काढलेली बाई. चार्जही गोळ्या मोजून दिल्यासारखा द्यायच्या. "तुला पाच टक्के. तुला तीन. तू तरुण आहेस, तुला काही नको."

सातव्या दिवशी सकाळी किनाऱ्याची रेघ दिसली आणि कोणीतरी ओरडलं, "रेंज आली!" डेकवर एकदम टिंगटिंग सुरू झाली. काकांचा फोन आठवडाभर मेलेला. ते आजींपुढे जाऊन उभे राहिले आणि फोन पुढे धरला.

"दहा टक्के," आजी म्हणाल्या. "लेकीशी बोलायचंय म्हणून दहा. वर एक टक्का मिळणार नाही. आणि बंदरावर उतरलास की परत करायचे, उसने आहेत."

"करीन हो आजी."

"सगळे असंच म्हणतात."

फोन जिवंत झाला. आधी एक खूण दिसली: रविवारी मुलीचा फोन येऊन गेला होता. एक. मग कंपनीचे निरोप आले, लागोपाठ सहा. काकांनी चष्मा पुसून पहिला वाचला.

"आपले वडील जहाजावर सुखरूप आहेत. काळजी करू नये."

काकांचे वडील जाऊन तीस वर्षं झाली होती. काका चक्रावलेच. क्षणभर त्यांनी समुद्राकडेही पाहिलं. मग दुसरा वाचला: "आपल्या वडिलांना निरोप द्यायचा असल्यास याच क्रमांकावर पाठवा." तिसरा, चौथा. सगळ्यांत तेच वडील. आणि मग त्यांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला, तो माझ्या मोत्यासारख्या अक्षराचा.

म्हणजे तिला कळलंच नव्हतं.

आधी त्यांना इतकं हलकं वाटलं की ते जवळच्या गादीवर बसले. तिने निरोप पाठवला नव्हता, कारण तिला निरोप मिळालाच नव्हता! इतके दिवस उगाच... त्यांनी तिचा नंबर काढला. अंगठा वर धरला.

नऊ टक्के.

आता लावावा. सांगावं, जहाज बंद पडलंय, उद्या बंदराला लागतोय, दुपारची वेळ आहे, तुझ्या गावाहून तीन तासांचा रस्ता. मग ती म्हणेल... काय म्हणेल? "अरे बापरे" म्हणेल. आणि मग? "बघते हं बाबा, कळवते."

आठ टक्के.

तिला माहीत नव्हतं तोवर ती आली नाही असं कोणाला म्हणता येणार नव्हतं. माहीत असतं तर धावत आली असती, असंही म्हणता येत होतं. फोन लावला की ते दोन्ही गेलं.

अंगठा खाली आला, पण दुसरीकडे. काका कंपनीच्या निरोपाचं उत्तर लिहायला बसले. काज करावं तसे वीस मिनिटं बसले. पहिल्यांदा लिहिलं, "बाबा, तुमची फार आठवण येते." ते पुसलं, ती असं लिहिणाऱ्यातली नव्हती. मग लिहिलं, "बाबा, काळजी घ्या." तेही उसवलं. शेवटी तीन शब्द लिहिले आणि पाठवून दिले.

पाच वाजता निरोप्या खुर्चीवर चढला. चार-पाच निरोप वाचले आणि एकदम थांबला. कागद डोळ्यांजवळ नेला आणि जहाज हादरेल असा ओरडला, "केबिन तीनशे सत्तर! अहो काका! आला, आला!"

सगळा हॉल वळला. तेव्हा काकांना कळलं की रोज आपण उभे राहायचो ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

"बाबा, जेवलात का?" निरोप्याने वाचलं.

कोणीतरी मागून ओरडलं, "जेवलेत हो ताई! आम्ही जे खातोय तेच, शिळा पाव!" हॉलभर हशा पिकला, टाळ्या पडल्या. बॅटरीआजींनी काकांच्या पाठीत गुद्दा घातला. "बघ! उगाच तोंड पाडून बसला होतास. उद्या येईलच घ्यायला. मला भेटव हं, मी तिला चांगली झापणार आहे, इतके दिवस लावले म्हणून."

"जेवलो," काका हळूच म्हणाले. कोणाला ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जहाज बंदराला लागलं. फाटकापाशी टेबल मांडून कंपनीचा कारकून बसला होता. नातेवाइकाच्या फोनवर एक आकडा पाठवला होता. तो दाखवायचा, नातेवाइकाने सही करायची, माणूस घेऊन जायचं. काकांनी फोन पुढे केला. दोन टक्के उरले होते.

कारकुनाने आकडा पडताळला. "बरोबर. मुलगी कुठेय?"

"हा नंबर माझाच आहे."

"इथे मुलगी लिहिलंय."

"लिहिलंय खरं."

"म्हणजे तुम्हीच तुमची मुलगी?"

मागे दीडशे माणसांची रांग होती. कारकुनाने कपाळाला हात लावला. "बरं, करा सही. घ्यायला आलेल्यांच्या रकान्यात. नातं काय टाकू?"

काका म्हणाले, "जवळचं टाका."

आकडा दाखवून, सही करून, काजूकाका काजूकाकांना घेऊन बाहेर पडले. बाहेर फोन चार्ज करायला फुकट टेबल ठेवलं होतं, तिथे त्यांनी फोन चार्जिंगला लावला. पलीकडे खांबाशी बॅटरीआजी उभ्या, भोवती मुलगा, सून, नातू, फुलं, सगळा गोतावळा.

"अरे, कुठेय लेक तुझी?" आजींनी तिथूनच हाक मारली.

"गाडी लावायला गेलीय," काकांच्या तोंडून निघून गेलं.

"मग थांबते मी. भेटल्याशिवाय जाणार नाही." आणि आजींनी खरंच बॅग खाली ठेवली आणि बॅगेवर बसल्या. मुलगा म्हणाला, "आई, उशीर होतोय." आजी म्हणाल्या, "होऊ दे. आठवडाभर झाला, अजून पंधरा मिनिटांनी काय होतंय?"

काका पंचवीस मिनिटं टेबलाशी उभे राहिले. मध्येच फाटकाकडे मान उंच करून बघायचे, कोणी येतंय असं. आजी हात करायच्या, काकाही हात करायचे. फोन भरला. मग आजींच्या नातवाने त्यांना काहीतरी विचारलं, त्या तिकडे वळल्या, आणि काका पिशवी उचलून सामानाच्या गाड्या जातात त्या बाजूच्या दाराने निघाले. मागे वळून बघितलं नाही. रस्ता ओलांडला, पहिली मिळाली त्या बसमध्ये चढले, आणि बस कुठे जाते हे नंतर विचारलं.

आता ते फळीवर आहेत. काजं चालू आहेत. मुलीला त्यांनी सांगितलेलं नाही. तिचा नंबर असलेली चिठ्ठी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, आणि मीही कळवलेलं नाही.

आजींच्या दहा टक्क्यांचा विषय मात्र काका मधूनमधून काढतात. नाव विचारलं नव्हतं, गाव विचारलं नव्हतं. आता द्यायचे कुठे?