सुरेखाच्या वहीची पहिली दोन पानं

ही गोष्ट माझ्या कुठल्याही वहीत नाही, आणि माझ्या वह्या चाळीसच्या वर आहेत. आईला सांगितली नाही, ती गेली तोपर्यंत नाही. ऑफिसातल्या मैत्रिणींना नाही. मग तुला का सांगतेय? नक्की माहीत नाही. जे कारण सुचतं त्याचाच मला संशय येतो.

आधी लिहिण्याचं सांगते. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पंच्याण्णव-शहाण्णव साल असेल. मी नाशिकरोडच्या एका शाळेत क्लार्क होते. पस्तिशी ओलांडलेली, लग्न न झालेली, जेल रोडच्या बाजूला दोन खोल्यांत आईबरोबर राहणारी. तेव्हा टीव्हीवर एक मालिका लागायची, नाव सांगत नाही. शाल्मली नावाची बाई वडिलांच्या मागे त्यांचा छापखाना चालवते आणि देवदत्त नावाचा फोटोग्राफर तिच्या आयुष्यात येतो, एवढीच कथा. पण गुरुवारी आमच्या बिल्डिंगमधल्या बायका कुकर लवकर लावून मोकळ्या व्हायच्या. आणि एका गुरुवारी देवदत्त गाडीत बसला, शाल्मली प्लॅटफॉर्मवर उभी राहिली — आणि पुढच्या आठवड्यापासून त्या वेळेला दुसराच कार्यक्रम सुरू झाला. मालिका बंद. का, ते कुणी सांगितलं नाही.

मला ते सोसेना. मी पुढचं लिहायला घेतलं. शंभरपानी वहीत, रविवारी दुपारी, ओटा आवरून झाल्यावर. उजव्या पानावर गोष्ट, डावं पान दुरुस्त्यांसाठी कोरं. बसायच्या आधी मालिकेच्या सुरुवातीची धून तोंडातल्या तोंडात म्हणायची, तरच शाल्मली बोलू लागायची. आई म्हणायची, "दुसऱ्याच्या बाहुलीला किती फ्रॉक शिवशील?" मी हसण्यावारी न्यायचे.

विचारलं कुणी, तर मी सांगायचे की शाल्मलीला असं मध्येच सोडवत नाही. ऐकायला चांगलं वाटायचं. खरं काय होतं सांगू? दुसऱ्या मजल्यावरच्या वाघकाकू जिना उतरून दार वाजवायच्या आणि म्हणायच्या, "पुढचं झालं का गं?" मी त्यासाठी लिहायचे. शाळेत लोक माझ्या टेबलाशी थांबायचे ते दाखल्यासाठी. इथे चार बायका माझ्या वहीसाठी थांबत होत्या. वही या घरातून त्या घरात फिरायची, कुणाच्या हळदीचं बोट लागून परत यायची. ती बोटं मी मोजायचे.

शेजारच्या फ्लॅटमध्ये सुरेखा राहायची. सव्वीस-सत्तावीसची, चांदवडजवळच्या एका खेड्यातून लग्न होऊन आलेली, दहावी झालेली. नवरा भास्करराव देवळाली कॅम्पात नोकरीला. माणूस शांत, पण मनात एखादी गोष्ट बसली की बसली. दोन वर्षांची मुलगी. सुरेखा माझी वही उंबऱ्यात बसूनच वाचायची, घरी न्यायलाही थांबायची नाही. "ताई, लय भारी लिहिलंय," म्हणायची. मग एक दिवस पदराआड वही धरून आली. म्हणाली, "मी पण थोडं लिहिलंय. हसू नका."

मी हसले नाही. मी पेन्सिल घेतली आणि तिचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिले. आणि मोठेपणानं सांगितलं, "जागा आपण पाहिलेल्या घ्याव्यात. म्हणजे लिहिणं खोटं वाटत नाही." तिनं ते अक्षरशः पाळलं. तिची शाल्मली नाशिकरोड स्टेशनवर उतरली, देवळालीच्या पॅसेंजरमध्ये बसली, कॅम्पाच्या बाजारात भाजी घेऊ लागली. माझी शाल्मली सुंदर वाक्यं बोलायची. तिची शाल्मली मिरच्या निवडताना रडायची, आणि डोळे पुसता येत नाहीत म्हणून हसायची.

तिचं चांगलं होतं. हे मला पहिल्या वहीतच कळलं होतं — ते लपवायला मी किती चुका काढल्या असतील?

मग संशय सुरू झाला. आधी बारीक. वाघकाकूंनी दार वाजवलं आणि विचारलं, "सुरेखाची वही तुझ्याकडे आहे का?" माझी विचारलीच नाही. पाण्याच्या टाकीपाशी बायका बोलत असायच्या, मी गेले की गप्प व्हायच्या. व्हायच्या का खरंच? की बोलणं तेवढ्यात संपायचं? मी घरी येऊन दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचायचे आणि तिनं माझं काय काय उचललंय ते शोधायचे. एक प्रसंग सापडला, छापखान्यात आग लागल्याचा. माझ्याकडे होती तशीच. तो मालिकेत होता, दोघींनी तिथूनच घेतला होता — पण महिनाभर मला ते आठवलं नाही. आठवायचं नव्हतं, असं म्हण.

आणि मग तिच्या गोष्टीत ती बाई आली. शाल्मलीच्या छापखान्यात प्रुफं तपासणारी. सगळ्यांच्या चुका काढणारी, चष्मा डोक्यावर ठेवून तोच शोधणारी, आणि जिला स्वतःला कधी कुणाचं पत्र आलेलं नाही अशी. सुरेखानं तिला वाईट रंगवलं नव्हतं. उलट शाल्मली तिला दिवाळीला साडी देते. पण मी ते पान वाचलं आणि माझे कान तापले. ही मीच. सगळ्यांनी वाचलंय, सगळ्यांना कळलंय, जिन्यात हसतात ते यालाच. — ती मी होते का? मी सुरेखाला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, आणि मला ते खोटं वाटलं असतं.

त्यानंतरची तिची वही आली ती वेगळी होती. या वेळी शाल्मली स्वतः बोलत होती. 'मी' म्हणून. पहिल्या पानावर तिनं लिहिलं होतं, 'शाल्मलीची पुढची गोष्ट, तिच्याच तोंडून', दुसऱ्या पानावर देवदत्तचं नाव आणि मागच्या भागाचा सारांश. त्यापुढे मात्र नावं नव्हती. तो होता आणि मी होते. तो परत येतो, तिला कॅम्पाच्या स्टेशनवर भेटतो, आणि ती घरी जाऊन काही घडलंच नाही अशी भाकरी थापते. इतकं खरं लिहिलं होतं की मी ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तिची प्रत्येक वही पहिल्यांदा माझ्याकडे यायची, शुद्धलेखनासाठी. त्यामुळे ही बाकी कुणीच वाचलेली नव्हती.

त्या आठवड्यात सुरेखा मुलीला घेऊन माहेरी गेली, भावाच्या मुलाच्या बारशाला. भास्करराव एकटे घरी होते.

आता सांगते. थांबले तर जमायचं नाही.

मी वहीवरच्या माझ्या पेन्सिलीच्या सगळ्या खुणा खोडल्या. एकूण एक, पानापानावरच्या. त्याला जवळजवळ तास लागला. मग पहिली दोन पानं पिनांपासून अलगद सोडवली आणि त्यांच्या जोडीची मागची दोन कोरी पानंही काढली, म्हणजे काही सैल राहायला नको. चारही पानं बंबात घातली. वहीला खाकी कव्हर होतं, वर नाव नव्हतं. रविवारी सकाळी शेजारची बेल वाजवली. भास्करराव बनियनवर, हातात वर्तमानपत्र. मी वही पुढे केली. मी म्हणाले, "सुरेखाची राहिली होती माझ्याकडे. मी उघडली नाही हो. तिचं खासगी असेल काहीतरी."

एवढंच. आवाजही चढवला नाही. 'खासगी' हा एक शब्द मी आदल्या दिवसापासून निवडून ठेवला होता — तुला वाटेल, रागाच्या भरात झालं असेल. इतका विचार करून मी कधी गोष्ट लिहिली नव्हती.

मंगळवारी सुरेखा आली. भिंतीपलीकडून भांडणाचा आवाज आला नाही, आणि मला त्याचीच भीती वाटली. संध्याकाळी दोघं माझ्या दारात. मुलगी तिच्या कडेवर. भास्कररावांच्या हातात वही.

"ताई, ही गोष्ट आहे म्हणते ती. तुम्ही वाचलीय म्हणते."

"सांगा ना ताई," सुरेखा म्हणाली. "शाल्मलीची हाय ना ही? नावाची पानं कुठं गळाली कळंना. तुम्ही चुका पण काढल्या आसतील."

एखादा 'लय' निसटायचा, पण बोलणं एरवी ती सांभाळायची, माझ्यासमोर तर फारच. त्या दिवशी सांभाळलं नाही. भास्कररावांनी वही उघडून माझ्यापुढे धरली. पानं स्वच्छ होती. ती माझ्याकडे बघत होती, अगदी निर्धास्त. आता ताई बोलतील आणि हे संपेल, अशी. हे मला सगळ्यात नीट आठवतं — तिला माझा संशय आलाच नव्हता.

मी म्हणाले, "मी नाही वाचली गं."

आई आत होती. तिनं विचारलं, कोण आलंय. मी म्हणाले, शेजारचे.

वाघकाकू गेल्या भास्कररावांना समजावायला. सांगितलं, ती गोष्टी लिहिते, आम्ही वाचतो. ते म्हणाले, "त्या गोष्टींत शाल्मली असते. यात कुठंय दाखवा." काकूंना दाखवता आलं नाही. त्यांनी परत जाताना माझ्या दाराशी थांबून विचारलं, "तू खरंच नाही वाचलीस?" मी म्हणाले, शाळेत परीक्षा आहेत, वेळ कुठे मिळतो.

आठ दिवसांनी भास्करराव तिला चांदवडला पोचवून आले. सात महिने ती तिकडे होती. मधल्या काळात तिचा भाऊ दोनदा आला, खाली स्कूटरपाशी भास्कररावांशी बोलून गेला. मी खिडकीच्या पडद्याआडून बघत होते, ओठांवरून शब्द लावत होते. माझं नाव येतंय का, एवढंच. मग ती परत आली, आणि महिन्याभरात त्यांनी कॅम्पात जागा घेतली. सामान हलवताना जिन्यात समोरासमोर आलो. ती म्हणाली, "येते ताई." हात तिचे रिकामेच होते. मी बाजूला सरकले.

आणि मी लिहीत होते. ते सात महिनेही, नंतरही. वाघकाकू पुन्हा दार वाजवू लागल्या. मला हवं होतं ते मिळालं. पण त्या वही घेताना माझ्याकडे जरा जास्त वेळ बघायच्या. की मलाच वाटायचं?

पुढे इंटरनेट आलं. दोन हजार पाच-सहाला मी सायबर कॅफेत बसून मराठी टाइप करायला शिकले आणि मराठी वाचकांच्या एका साइटवर, दुसऱ्याच नावानं, शाल्मलीच्या गोष्टी टाकू लागले. ती मालिका लोकांच्या लक्षात होती. पुण्यातून, दुबईतून प्रतिसाद यायचे. दर शुक्रवारी एक भाग. कौतुक आलं की मी आधी ते कोणी लिहिलंय ते तपासायचे — कधीपासूनचा सभासद, आणखी कुठे काय लिहिलंय. एकदा कुणीतरी एकच ओळ टाकली. 'शाल्मली असं बोलणार नाही.' पुढेमागे काही नाही, नावही बनावट. बाकीच्यांनी त्या माणसाला झापलं. मी मात्र तीन आठवडे ती ओळ वाचत होते. सुरेखाला कॉम्प्युटर येत असेल? तिच्या घरी असेल? की माहेरी गेल्यावर? चांदवडला कॅफे झालाय का, हे मी शाळेतल्या शिपायाला विचारलं, त्याचं गाव तिकडचं म्हणून. तो म्हणाला, असेल मॅडम, का हो? मी विषय बदलला.

त्याच वर्षी ती भेटली. शाळेच्या कामाला कॅम्पात गेले होते, परतीच्या बससाठी थांबले होते. तिनंच हाक मारली. अंगानं भरली होती, कानांवर केस पिकलेले. बरोबर मुलगी, बारा-तेराची, दप्तर पाठीला. इकडचं तिकडचं झालं. आई गेल्याचं मी सांगितलं. हे बरे आहेत, ती म्हणाली, शुगर आहे थोडी. मग मुलीकडे वळून म्हणाली, "या ताई. आपण जेल रोडला होतो ना, तेव्हा शेजारी. यांनी मला लिहायला शिकवलं."

मुलीनं वर पाहिलं. "आई, तू लिहायचीस?"

"थोडं. मग सोडलं."

"काय लिहायचीस?"

सुरेखा हसली आणि माझ्याकडे बघू लागली. उत्तर मी द्यावं म्हणून. तिच्या चेहऱ्यावर मी सगळं शोधलं — राग, टोमणा, ठाऊक असल्याची एखादी खूण. काही सापडलं नाही. नव्हतंच, की तिला ते माझ्यापेक्षा चांगलं लपवता येतं? बस वळून स्टँडमध्ये शिरत होती. तरी एक वाक्य बोलण्याइतका वेळ होता. 'मी वाचली होती ती वही.' दोन शब्दांनी जास्त, दोन शब्दांनी कमी, पण तेवढंच वाक्य. त्या मुलीला तिची आई कळली असती.

"छान लिहायची तुझी आई," मी म्हणाले. "शुद्धलेखन तेवढं कच्चं होतं."

दोघी हसल्या. मी बसमध्ये चढले, खिडकीची जागा मिळाली. घरी येऊन चहा केला, कॅफेत गेले. तो शुक्रवार होता. त्या आठवड्याचा भाग मी वेळेवर टाकला.