क्लिफ टॅटलोचा काळा मोजा

क्लिफ टॅटलोच्या बोटीतली शेगडी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पेटायची ती ईस्टरला विझायची. मधल्या सहा महिन्यांत तिला काडी लागलेली कुणी पाहिली नव्हती. रात्री निजताना तो निखारे राखेखाली झाकायचा, हवेची झडप केसभर उघडी ठेवायचा आणि सकाळी सातला वर एक कोरडं लाकूड टाकायचा, की धुरांड्यातून धूर. अशी एकोणीस वर्षं. बायको तेवढी टिकली नाही. "झडपेला हात लावायची," एवढंच कारण तो सांगायचा.

इथवर ठीक होतं. पण आपली शेगडी पेटती आहे यापेक्षा शेजाऱ्याची विझली आहे, यात क्लिफला जास्त ऊब मिळायची.

कालव्याच्या काठाला बोटी बांधून त्यांतच राहणाऱ्या या वस्तीत जुना रिवाज होता. थंडीत नऊपर्यंत कुणाच्या धुरांड्यातून धूर दिसला नाही, तर शेजाऱ्याने जाऊन टपावर थाप मारायची. माणूस आजारी असेल, पडला असेल, मेला असेल, काय सांगावं. क्लिफने या रिवाजाचा खेळ केला. त्याच्याकडे लोकरीचा एक काळा मोजा होता, जोडीतला दुसरा केव्हाच हरवलेला. धूर नसलेल्या बोटीच्या सुकाणूवर तो हा मोजा अडकवायचा आणि चहाचा मग घेऊन काठावर उभा राहायचा. हळूहळू बाकीचेही जमायचे. थाप मारायची नाही, हाक मारायची नाही. आतला माणूस नाक पुसत बाहेर आला की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. गंमत सगळी त्या गप्प उभं राहण्यात. कुणी मध्येच बोललं, तर क्लिफ वर्षभर त्याला नावं ठेवायचा.

आणि माणसं खेळायची हो. मोजा दुसऱ्याच्या सुकाणूवर आहे, याचं सुख काय कमी असतं?

बेरिल स्पूनरची बोट क्लिफच्या बोटीला लागून. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा वॉल्टर इस्पितळात गेला. चार रात्री ती तिथेच होती. पाचव्या दिवशी तो वारला आणि ती एकटी परतली तेव्हा बोट बर्फासारखी, आणि सुकाणूवर मोजा. काठावर पाच-सहा जण मग घेऊन उभे. टाळ्या जरा दबकतच वाजल्या, पण वाजल्या.

"वॉल्टर गेला तो विस्तवही घेऊन गेला वाटतं, बेरिलबाई," क्लिफ म्हणाला.

तिने मोजा काढून घेतला. दुसऱ्या दिवशी तो धुऊन, वाळवून, घडी घालून क्लिफला परत केला. "घे. लागेल तुला," म्हणाली. क्लिफने ही गोष्ट पुढे वर्षभर सगळ्यांना हसत हसत सांगितली.

यंदाच्या जानेवारीत कालव्यावर बर्फाची जाड साय धरली. एका मंगळवारी सकाळी सातला क्लिफ पायांत नुसते मोजे घालून पुढच्या डेकवर लाकूड आणायला निघाला. आतल्या पायरीवर रात्रभराच्या वाफेचं पाणी गोठलं होतं. पाय सटकला, खुब्यात काहीतरी काडकन मोडलं आणि तो शेगडीसमोर आडवा झाला. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मोडतं ते मोडतंच. शेगडी हातभर लांब. तिच्या दाराच्या काचेमागे राखेत निखाऱ्याचा लाल डोळा दिसत होता. लाकडं मात्र दाराबाहेर.

नऊ वाजले तेव्हा त्याला बरं वाटलं. आता काठावर पावलं वाजतील.

पावलं वाजली. बोट किंचित हलली. मागे सुकाणूपाशी कुणीतरी पाय दिला होता. क्लिफने श्वास धरला. मग बोट पुन्हा हलली, पाऊल काठावर परत गेलं, आणि काठ गप्प झाला.

ही शांतता क्लिफ ओळखत होता. त्यानेच ती सगळ्यांना शिकवली होती. आणि मोजा आपल्याच मागच्या दाराशी खिळ्याला लटकत असतो, हेही त्याला आठवलं.

त्याने हाक मारली, पण पडल्यापासून छातीत श्वासच पुरत नव्हता. शिवी मात्र बाहेर पडली.

"ऐकलंत?" काठावर कुणीतरी कुजबुजलं. "पेटत नाहीये."

हाताला निखारे ढवळायची सळई लागली. ती त्याने शेगडीच्या पायावर आपटली. ठण, ठण, ठण.

"आता शेगडीला मारतोय," दुसरा म्हणाला. हसू दाबल्याचा आवाज आला.

"श्श," बेरिलचा आवाज. "गंमत घालवू नका. एकोणीस वर्षांनी आलीये."

तिच्या आणि त्याच्या मध्ये पोलादाचा एक पत्रा होता. क्लिफने सळई अगदी सावकाश आपटली. तीनदा, थांबून तीनदा. निखारे ढवळताना असा आवाज होत नाही. वॉल्टरबरोबर तीस वर्षं बोटीत काढलेल्या बाईला तो फरक कळतो. बाहेर कुणी हसलं नाही. कुणी हललंही नाही. बेरिल म्हणाली, "मी चहा ओतून आणते. कुणाला हवाय?"

साडेअकराला कोळसा विकत फिरणाऱ्या गॉर्डनची बोट बर्फ फोडत आली. गॉर्डन खेळ खेळत नाही, त्याला वेळ नसतो. त्याने पोतं खांद्यावर घेतलं, क्लिफच्या पुढच्या डेकवर टाकलं आणि दाराच्या काचेतून आत पाहिलं.

"अरे, हा तर पडलाय," तो काठाकडे वळून म्हणाला. "तुम्ही इथे काय करताय?"

दोघातिघांनी आपापले मग पाठीमागे नेले.

रुग्णवाहिकेच्या माणसांनी क्लिफला स्ट्रेचरवर बांधून पुढच्या दारातून काढलं आणि काठावर टेकवलं. ओठ निळे पडले होते, तरी बोलणं सुटलं नव्हतं.

"विझलेली नाही," तो म्हणाला. "आत जाऊन बघा. राखेत आहे."

"राहू दे रे आता," गॉर्डन म्हणाला.

"बघा म्हणतोय ना. बेरिल, तू जा. तुझ्यावर सगळ्यांचा विश्वास आहे."

बेरिलच्या हातात मग होता, काठोकाठ भरलेला. ती तशीच आत गेली. क्लिफ उताणा बांधलेला. मान वळत नव्हती. त्याला दिसत होतं फक्त आभाळ आणि आपलं धुरांडं. शेगडीचं दार करकरलं. मग चर्र असा बारीक आवाज झाला, जो त्याच्याशिवाय कुणाच्या लक्षात आला नसावा. धुरांड्यातून वाफेचा एक पांढरा पुंजका निघाला आणि विरून गेला. बाकी सगळे खाली त्याच्याकडे बघत होते.

बेरिल बाहेर आली. हातातला रिकामा मग तिने उपडा करून झटकला.

"विझलीय, क्लिफ," ती म्हणाली. "गार आहे अगदी."

क्लिफची नजर धुरांड्यावरच होती.

बोटींच्या रांगेत टोकाला राहणारा बहिरा मॉरिसही काठावर होता. त्याला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. सुकाणूवर मोजा आहे आणि माणूस बाहेर आलाय, एवढंच त्याला दिसलं. त्याने हातातला मग खाली ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. शेजारच्या दोघांचेही हात, नुसत्या सवयीने, वर आले.