डाव्या चाकाच्या जीपमधून वरवट बकाल

नवी कोरी मोटर आणतो म्हणून गेलेले आमचे हे, लष्कराची जुनी जीप घेऊन दारात उभे! मी कपाळावर हात मारला. दारं नाहीत, वर फाटकी ताडपत्री, आणि हाय रे देवा, चालवायचं चाक डाव्या बाजूला! लढाईत अमेरिकन लोक वापरत, म्हणे.

"भाभी, नवी गाडी पूर्णेच्या चिखलात फसन. हे चारी चाकांनी वढते," सोबत आलेला मिस्त्री म्हणाला.

पूर्णा तर मला ओलांडायचीच होती. पलीकडे वरवट बकालला माझी आई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि आणखी उशीर केला तर नजर जाईल असं आमच्या खामगावच्या डॉक्टरांनी बजावलेलं. बैलगाडीचे हादरे तिच्या कमरेला सोसत नव्हते, म्हणून तर मोटर हवी होती.

दिवाळी झाल्यावर निघालो. शेगावपर्यंत रस्ता बरा आहे. पेट्रोल तिथेच भरून घ्या, पुढे काही मिळत नाही. त्यानंतर नुसती काळी माती आणि गाडीवाटेच्या खोल चाकोऱ्या. नदीत पाणी पायांशी आलं तेव्हा मी डोळे गच्च मिटले, आणि उघडले तर आम्ही पलीकडच्या काठावर! माझा विश्वासच बसेना.

आईने झुणका-भाकर वाढली, पण निघायचं म्हटल्यावर जागची हलेना.

"जावयाले गाडीवान करू काय मी? असं पाप नाई पायजे मले. डोये गेले तं गेले!"

मी सुन्न झाले. एवढी नदी पार करून आलो, आणि ही अशी! रागारागाने बाहेर येऊन जीपमध्ये माझ्या जागेवर बसले. चाक डावीकडे, म्हणून माझी जागा उजवीकडे. आई भिंत चाचपत दाराशी आली, आणि तिला उजवीकडे बसलेली मी अंधुक दिसले. तिने पाहिलेल्या प्रत्येक मोटारीचा ड्रायव्हर उजवीकडेच बसायचा.

"अवं माय! तू चालवतं हे?"

हे चाकाशी येऊन बसले होते. ह्यांनी मला कोपराने ढोसलं.

"हाव," मी म्हणाले.

"मंग चाल. लेकीच्या गाडीत बसतो मी."

खामगावपर्यंत ती मागून माझ्या खांद्यावर थापा मारत होती, "हयू हाक वं!" आणि हे अक्षरही न बोलता वेग कमी करत होते. हसू दाबून माझं पोट दुखलं.

ऑपरेशन होऊन डोळे चांगले झाले, जाड चष्मा लागला. दवाखान्यातून बाहेर आल्यावर आई जीपला वळसा घालून डाव्या बाजूला गेली आणि तिथेच थबकली.

"चाक तं इकडे हाये!"

हे खाली मान घालून उभे.

"खोटारडे! आता तू खरंच चालवशीन, तवाच मी वरवटले जाईन."

मी? मोटर? मला वाटलं, राग उतरला की विसरेल. छे! आई अजून आमच्याकडेच आहे, आणि रोज सकाळी मागे चढून बसते.

नवी घ्यावी की जुनी, असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगते: नव्या गाडीला ह्यांनी मला बोटही लावू दिलं नसतं. ही जुनी मी काल शिकता शिकता सरळ फाटकाच्या खांबावर घातली, तर हे नुसते "अगं अगं" म्हणाले.

मागून आई मात्र कडाडली, "खांब दिसत नाई? डोये माहे गेले होते, का तुहे?"