पुढची खुर्ची मागे पडत नाही

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाठशाळेतून निवृत्त झाल्यावर क्षेत्रसंन्यास घेतला. घर सोडायचं नाही, भगवं नेसायचं नाही. एवढंच, की मरेपर्यंत काशीच्या पंचक्रोशीची हद्द ओलांडायची नाही. देह पडेल तो इथेच पडावा, यासाठी केलेला बंदोबस्त. आमच्याकडे, राजा घाटामागच्या मराठी घरांत, असे संकल्प केलेले दोन-तीन म्हातारे तरी नेहमी असायचे. अण्णांनी तो इतका कडक पाळला की बारा वर्षांत समोरच्या रामनगरलासुद्धा गेले नाहीत. नावेत बसले तरी नावाड्याला म्हणायचे, मध्यधारेच्या अलीकडूनच फिरव. रामनगरला मेलं तर गाढवाचा जन्म येतो, असं इथे म्हणतातच. नावाडी हसायचा आणि फिरवायचा.

तो संकल्प मी मोडायला लावला. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना मला सोज्वळपणाचा आव आणायला नको.

अण्णांच्या हृदयाची एक झडप निकामी होत चालली होती. त्या वैशाखात ते चार पावलं चालले की धापा टाकायचे आणि रात्री उशांची उतरंड करून बसल्या बसल्या झोपायचे. पुण्यातला माझा धाकटा भाऊ रोज फोन करून म्हणायचा, ताई, इकडे आणा, इथले डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत. अण्णा नाही म्हणायचे. आईला ते जगायलाही हवे होते आणि संकल्पही मोडायला नको होता, म्हणून ती देवघरात जाऊन बसायची. राहिले मी. मी बँकेत तीस वर्षं काढलेली, बिनलग्नाची, घरातली करतीसवरती. काम एकदा हातात घेतलं की मला कुणाचं ऐकवत नाही, हा माझा दोष सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

मी अण्णांशी तीन दिवस अबोला धरला. आजारी माणसाशी. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "नेतेस तर ने. संकल्प माझा मोडतोय, तुझा नाही. तुला त्याचा दोष नको." मग तळहातावर गंगेचं पाणी घेऊन काहीतरी पुटपुटले आणि ताम्हनात सोडलं. मी जिंकले होते, आणि मला मुळीच बरं वाटलं नाही.

रेल्वेचा चोवीस-पंचवीस तासांचा प्रवास त्यांना झेपणार नव्हता. मोठ्या विमानात तिकीट काढायचं तर आजाराचे कागद दाखवा, चाकाची खुर्ची मागा, मधे विमान बदला. अशात भावाचा फोन आला. त्याच्या मालकाची मंडळी स्वतःच्या छोट्या विमानाने विश्वनाथाच्या दर्शनाला आली होती आणि आणखी आठवडाभर राहणार होती. विमान मात्र दुसऱ्या दिवशी रिकामंच पुण्याला परतणार होतं. मालक म्हणाले होते, तुझ्या वडिलांना त्यातून घेऊन ये. वैमानिकाला भावाने फक्त पाठीचं दुखणं आहे असं सांगितलं. आम्ही सगळ्यांनीच त्या गोष्टीकडे काणाडोळा केला.

त्याने फोनवर फोटो पाठवले. दुधाळ चामड्याच्या चार खुर्च्या, दोन-दोन समोरासमोर, मधून वीतभर वाट, भिंतीला चकचकीत लाकूड. फोटोत ते एखाद्या श्रीमंताच्या बैठकीसारखं दिसत होतं. मी मापं मागवली. आतली उंची पावणेपाच फूट, रुंदी पाच फुटांनाही कमी. शौचाची सोय म्हणजे मागच्या टोकाला गादी उचलायची आणि पडदा ओढायचा. माणूस आत गेला की उतरेपर्यंत ताठ उभा राहू शकत नाही. अण्णा सहा फुटांचे होते.

त्या संध्याकाळी मधल्या खोलीतलं सामान सरकवून मी फरशीवर खडूने ते विमान आखलं. दार, वाट, वैमानिकांच्या मागची आडवी भिंत, सगळं मापात. चार खुर्च्या मांडल्या. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की पूर्ण आडवं झोपवू नका, अर्धवट टेकून बसवा आणि मान मागे टेकलेली असू द्या, पुढे पडू देऊ नका. मागच्या दोन खुर्च्यांची पाठ चांगली खाली जात होती. पुढच्या दोन भिंतीला लागून होत्या, त्यांची पाठ जेमतेम चार बोटं हलायची. म्हणून मागच्या खुर्चीत अण्णा, पाय समोरच्या खुर्चीवर लांब केलेले, आणि वाटेपलीकडे त्यांच्या शेजारी मी, असं ठरलं. पुढच्या दोन्ही खुर्च्यांवर मी खडूने फुली मारली.

अण्णांना आत बसवून तालीमही घेतली. ते निमूट बसले. आई दारात उभी राहून बघत होती. तिला ते घरात आखलेलं मुळीच आवडलं नव्हतं.

"पुणं कुठल्या तरफ?" तिने विचारलं.

"दक्षिणेला. आणि पश्चिमेला."

"आणि विमान तोंड तिकडे करूनच जाणार. मग ह्यांचे पाय?"

मला कळेना. तिने बोट केलं. पाय पुढच्या बाजूला, म्हणजे विमान जाईल तिकडे, म्हणजे दक्षिणेला. आमच्यात दक्षिणेकडे पाय करून कुणी निजत नाही. तसे पाय मेलेल्या माणसाचे करतात.

"जित्या माणसाला दोन तास तसं न्यायचं? आधीच काशीबाहेर काढतेस. एवढं तरी माझं ऐक."

"आई, विमानात कसली आलीय दिशा," मी म्हणाले. "बेकारची जिद्द नको करू."

ओलं फडकं आणून तिने सगळा खडू पुसून काढला, फुल्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बाबतपूरच्या विमानतळावर पोहोचलो. आई आली नाही. वैमानिकाने आमची वजनं विचारली, पिशव्या हातात तोलून पाहिल्या आणि एक मागे टाकली. दाराशी पाच अरुंद पायऱ्या होत्या. अण्णांना मी पुढून हात दिला, खालून एका कामगाराने धरलं. आत आल्यावर ते कमरेत वाकले आणि तसेच वाकलेले राहिले, कारण सरळ व्हायला जागाच नव्हती. त्यांचा श्वास त्या डब्यात फार मोठा ऐकू येत होता. उन्हात उभं राहून आत भट्टी झाली होती आणि तापलेल्या चामड्याचा वास कोंडला होता. दार अजून उघडं होतं, तरी मला कुणीतरी झाकण लावल्यासारखं झालं.

मागच्या खुर्चीपाशी पोहोचून मी अण्णांना टेकवणार, तेवढ्यात मला आईचा चेहरा दिसला. रागावलेला नव्हे, फडकं घेऊन खाली वाकलेला. आणि मी घाबरले. बारा वर्षांचा संकल्प मी मोडला होता, वैमानिकापासून खरं लपवलं होतं, आता आईचं एवढंसं मागणंही मोडलं आणि काही झालं तर? मोठं काही मोडून बसलं की माणूस छोट्याला चिकटतो. बँकेत मी हेच लोकांना समजावत आले होते, की घाबरून निर्णय घेऊ नका.

मी वैमानिकाला म्हणाले, ह्यांना पुढच्या खुर्चीत, उलटं बसवायचं आहे.

"मैडम, वो सीट पीछे नहीं जाती," तो म्हणाला. "तकलीफ होगी इनको."

पुढची खुर्ची मागे पडत नाही हे मला त्याच्याआधी ठाऊक होतं. मी म्हणाले, असू दे.

मग आम्ही त्यांना पुढच्या खुर्चीत बसवलं, पाठ वैमानिकाकडे, तोंड माझ्याकडे, पाय माझ्या शेजारच्या खुर्चीवर. पाय आता उत्तरेला होते. मानेमागे मी शाल गुंडाळून ठेवली. ती चामड्यावरून घसरायची, मी पुन्हा ठेवायची. अण्णांना मी कारण सांगितलं नाही, पण त्यांना कळलं असावं. खिडकीतून मागे बघत ते म्हणाले, "बरं केलंस. उलटा बसलो म्हणजे काशी दिसत राहील."

हे त्यांचं शेवटचं बोलणं. पुष्कळ दिवस मी त्याच्याच आधाराने राहिले. आता तेवढं पुरत नाही.

विमान उडालं. छोट्या विमानाला वैशाखातली गरम हवा नुसती झेलत असते. ते एकदम खाली बसायचं, पुन्हा वर उचललं जायचं, आणि पट्टा सोडू नका असं वैमानिक दोनदा ओरडून सांगत होता. अण्णा डोळे मिटून होते. एकदा त्यांनी उजवा हात छातीपर्यंत उचलला आणि खाली ठेवला. मी मोठ्याने विचारलं, ऊन लागतंय का? थोड्या वेळाने त्यांनी खांद्यावरचं उपरणं ओढून तोंडावर घेतलं. घरी दुपारी झोपताना ते असंच करायचे. हवा शांत झाली तेव्हा त्यांची मान छातीवर टेकली होती आणि तो मोठा श्वास ऐकू येत नव्हता.

मला काय वाटलं ते जसंच्या तसं सांगते. मला वाटलं, झोपले. चार रात्रींनंतर पहिल्यांदा नीट झोपले. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. मान सरळ करावी असं मनात आलं होतं, पण जाग येईल म्हणून उठले नाही. मालकाच्या मंडळींसाठी ठेवलेली काजूंची बरणी होती, तिच्यातले काजू मी खाल्ले. खाली कोरडी तपकिरी जमीन सरकत होती. पुण्याला पोहोचल्यावर भावाला काय काय सुनवायचं, ते मी मनात जुळवत होते. पर्समध्ये गंगाजळाचं तांब्याचं छोटं भांडं होतं, वेळ पडली तर तोंडात घालायला म्हणून आईने दिलेलं. ते लवंडलं नाही ना, एवढं पाहिलं आणि पर्स बंद केली.

आत आता बऱ्यापैकी गार झालं होतं. त्यांचे पाय माझ्या कोपरापाशीच होते. पांघरूण नीट करायला हात लावला तर तळवे थंड लागले. मी वैमानिकाला सांगून गार हवा कमी करवली. मग तळवे चोळत बसले. आधी डावा, मग उजवा, मग पुन्हा डावा. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. केबिन इतकी उबदार झाली की मला घाम फुटला, आणि पाय तसेच होते. तेव्हा मी पट्टा सोडला आणि त्या वीतभर वाटेतून गुडघ्यांवर पुढे गेले. दोन पावलांचं अंतर. उपरणं बाजूला केलं.

वैमानिक एवढंच बोलला, की पुणं अजून तासभर आहे, मागे फिरलो तर बाबतपूरही जवळजवळ तितकंच. मी म्हणाले, फिरवा. विमान हळूहळू एका अंगावर कललं आणि सूर्य ह्या खिडकीतून त्या खिडकीत गेला. मी तिथेच वाटेत बसून होते, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून. वळण पुरं झाल्यावर मला समजलं की त्यांचे पाय आता दक्षिणेला झालेत, आणि आता तेच बरोबर आहे. गंगाजळाचे दोन थेंब मी त्यांच्या ओठांत घातले. ते बाहेर ओघळले.

डॉक्टरांना मी नंतर एकटीने जाऊन विचारलं, मान पुढे पडल्यामुळे गेले का? ते म्हणाले, झडप इतकी खराब होती की कशानेही जाऊ शकले असते. मी पुन्हा विचारलं. त्यांनी कागद आवरायला घेतले आणि म्हणाले, घरी जा, आईकडे बघा.

देह काशीबाहेर पडला, याचं आई काही बोलेल म्हणून मी जीव मुठीत धरून घरी आले होते. तिने तो विषयच काढला नाही. मणिकर्णिकेवरून सगळे परत आल्यावर तिने मला जवळ बसवलं.

"पाय कुठे होते?" तिने विचारलं.

"उत्तरेला."

"खरं सांग."

"खरंच, आई. पुढच्या खुर्चीत बसवलं मी त्यांना. उलटं."

तिने डोळे पुसले. ती मला बऱ्यापैकी शांत झाल्यासारखी वाटली. "एवढं तरी माझं ऐकलंस," ती म्हणाली. "नाहीतर मी आयुष्यभर स्वतःला दोष देत बसले असते."

त्या दहा-तेरा दिवसांत भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तिने हे सांगितलं. अजून सांगते. परवा पुण्याहून भाऊ आला होता, त्यालाही सांगत होती, की लेकीने माझा शब्द राखला, म्हणून ते झोपेत सुखाने गेले. भावाने माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं आणि सगळ्यांसाठी चहा टाकायला उठले.